बर्फातली मासळी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बर्फात ठेवलेला मासाही खराब होतो. मग बर्फाचा उपयोग काय?

बर्फ मासा थांबवून ठेवत नाही, त्याचं घड्याळ हळू करतो. शून्य अंशाला स्नायूंतली एन्झाइमं (शरीरातल्या रासायनिक क्रिया घडवणारी प्रथिनं) काम करत राहतात आणि थंडीला सरावलेले जीवाणूही वाढत राहतात, फक्त वेग कमी असतो. पकडल्यापासून जितके तास गेले, त्या प्रत्येक तासाचा हिशोब माशात जमा होत जातो आणि त्यातला एकही तास परत मिळत नाही. खाली जे काही आहे ते बहुतेक याच हिशोबाबद्दल आहे.

नासण्याची क्रिया नेमकी कशी होते?

तीन गोष्टी चालू असतात. त्या एकाच वेळी सुरू होतात, पण जोर धरतात वेगवेगळ्या वेळी.

पहिली माशाची स्वतःची एन्झाइमं. जिवंतपणी त्यांच्यावर नियंत्रण असतं. मेल्यावर तीच एन्झाइमं स्नायू आणि पोटाच्या भिंती मोडायला लागतात. पहिल्या काही दिवसांत चव उतरते ती मुख्यतः यांच्यामुळे.

दुसरे जीवाणू. जिवंत, निरोगी माशाचं मांस जंतुविरहित असतं. जीवाणू असतात कातडीवरच्या बुळबुळीत थरात, कल्ल्यांत आणि आतड्यांत. मासा मेला की रोगप्रतिकार संपतो आणि ते वाढायला मोकळे होतात. बर्फातल्या माशात त्यांची संख्या साधारण दिवसाला दुप्पट होते. थंड पाण्यातला मासा बर्फात दोन-तीन आठवडे राहिला की संख्या दर ग्रॅमला १० कोटी ते १०० कोटींपर्यंत जाते. पण सगळे जीवाणू सारखे उपद्रवी नसतात. समुद्री माशात दुर्गंधी आणणारा मुख्य कार्यकर्ता शेवानेला, गोड्या पाण्यातल्या माशात स्यूडोमोनास. बाकीचे गर्दी करतात, पण वासाला फारसे जबाबदार नसतात. म्हणूनच जीवाणूंची एकूण संख्या मोजून मासा किती ताजा आहे हे नीट कळत नाही.

तिसरी हवा. माशाच्या तेलाला ऑक्सिजन लागला की ते खवट होतं. बांगडा, तारली अशा तेलकट माशांत, विशेषतः कातडीखालच्या गडद मांसात, हे जाणवतं. बर्फात मात्र बहुतेक वेळा जीवाणूच आधी बाजी मारतात. खवटपणाची खरी डोकेदुखी गोठवलेल्या मालात असते.

‘ताजा’ आणि ‘अजून नासलेला नाही’ हे एकच ना?

नाही. सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो.

मासा मेल्यावर स्नायूंतलं एटीपी, म्हणजे पेशींना ऊर्जा पुरवणारं संयुग, पायरीपायरीने मोडत जातं. एटीपीचं एडीपी, त्याचं एएमपी, मग आयएमपी, मग इनोसिन आणि शेवटी हायपोझँथिन. यातलं आयएमपी ताज्या माशाच्या भरल्या, गोडसर चवीचं एक मुख्य कारण आहे. इनोसिनला विशेष चव नाही. हायपोझँथिन कडवट लागतं. म्हणजे ज्या मधल्या काळात माशाला वाईट वास येत नाही, पण खाल्ल्यावर ‘काही लागत नाही’ असं वाटतं, तेव्हा आयएमपी संपत आलेलं असतं.

१९५९ साली जपानी संशोधकांनी याच साखळीवरून ‘के-मूल्य’ काढलं: इनोसिन आणि हायपोझँथिन मिळून या सगळ्या संयुगांच्या बेरजेच्या किती टक्के आहेत, ते. कच्चा खायचा मासा २० टक्क्यांच्या आत असावा असा तिथला ढोबळ दंडक आहे.

कॉडसारखा थंड पाण्यातला मासा बर्फात ठेवला तर पहिले पाच-सहा दिवस तो ताजा, गोडसर, समुद्री शेवाळाच्या वासाचा असतो. पुढे काही दिवस वास ना बरा ना वाईट, चव फिकी. त्यानंतर आंबूस, उग्र वास सुरू होतो आणि दोन आठवड्यांच्या पुढे तो खाण्यालायक राहत नाही. नासण्याची तक्रार तिसऱ्या टप्प्यात येते. चवीचं नुकसान दुसऱ्याच टप्प्यात होऊन गेलेलं असतं.

मासा ताठ झाला म्हणजे ताजा आहे का?

बहुतेक वेळा हो, पण ताठपणा गेला म्हणजे शिळा झाला असं नाही. एटीपी संपलं की स्नायूतंतू एकमेकांना अडकून बसतात, ही मृत्युताठरता. काही तासांत ती येते, काही तास ते एक-दोन दिवस टिकते आणि मग एन्झाइमांमुळे मांस सैल पडतं.

ताठ माशाला जबरदस्तीने सरळ करू नका, वाकवून क्रेटमध्ये कोंबूही नका. तंतूंमधले पडदे फाटतात आणि नंतर मांसाच्या पाकळ्या सुटून काप भेगाळतो. गरम राहिलेल्या माशात ताठरता घाईने आणि जोरात येते, तिथेही हेच होतं. भेगाळलेला काप अपायकारक नसतो, पण दिसतो वाईट आणि त्यातलं पाणी सुटून जातं.

बर्फात मासा किती दिवस टिकतो?

पकडल्यावर लगेच बर्फात गेला आणि पूर्ण वेळ शून्याजवळ राहिला, असं गृहीत धरून साधारण मुदती अशा: कॉड आणि त्याच्या जातकुळीतले पांढऱ्या मांसाचे मासे ९ ते १५ दिवस, तारलीसारखे लहान तेलकट मासे ३ ते ८ दिवस, ट्राउट ९ ते ११, हॅलिबटसारखा मोठा चपटा मासा तीन आठवडे, कार्प १६ ते २१ दिवस. उष्ण कटिबंधातल्या तिलापियाच्या नोंदी १० पासून २७ दिवसांपर्यंत पसरलेल्या आहेत.

या आकड्यांना मुदतीचा शेवट समजा, शिफारस नव्हे. हे दिवस ‘अजून खाता येतो’ इथपर्यंतचे आहेत. चव हवी असेल तर निम्म्याच्या आत संपवा.

एका माशाला ३ दिवस आणि दुसऱ्याला २१, इतका फरक का?

मोठा मासा लहानापेक्षा जास्त टिकतो, कारण वजनाच्या मानाने त्याचा पृष्ठभाग कमी आणि जीवाणू पृष्ठभागावर. कमी तेलाचा तेलकटापेक्षा जास्त टिकतो. जाड कातडीचा पातळ कातडीच्या पुढे जातो. हॅलिबटच्या मांसाचा सामू (आम्लतेचं माप; आकडा जितका कमी तितकी आम्लता जास्त) मेल्यावर बराच खाली, ५.५ च्या आसपास जातो. बहुतेक माशांत तो ६ च्या वर राहतो आणि शेवानेलाला तेच मानवतं.

उष्ण पाण्यातले मासे बर्फात जास्त काळ टिकतात, हे ऐकून अनेकांना नवल वाटतं. कारण सोपं आहे. २८ अंशांच्या पाण्यात राहणाऱ्या माशावरचे जीवाणू उबेला सरावलेले असतात. त्यांना एकदम शून्यावर आणलं की थंडीत वाढू शकणारे मूठभरच उरतात आणि त्यांना जम बसवायला एक-दोन आठवडेही लागू शकतात. थंड समुद्रातल्या माशावरच्या जीवाणूंना बर्फ म्हणजे घरच. पण ही सवलत बर्फात ठेवलं तरच. बर्फाविना हाच मासा झपाट्याने हातचा जातो, कारण त्याच्यावरचे जीवाणू उबेतच तरबेज असतात.

दोन-चार तास बर्फाविना राहिला तर खरंच इतका फरक पडतो?

पडतो, आणि तो मोजता येतो. थंड पाण्यातल्या माशांसाठी एक सोपं सूत्र वापरतात: तापमानाला ०.१ ने गुणा, त्यात १ मिळवा, आलेल्या संख्येचा वर्ग करा. शून्य अंशाच्या मानाने नासण्याचा वेग तितके पट.

५ अंशांना १.५ चा वर्ग, म्हणजे २.२५ पट. १० अंशांना २ चा वर्ग, ४ पट. १५ अंशांना ६.२५ पट.

आता एक मासा घ्या, बर्फात १२ दिवस टिकणारा. पकडल्यावर तो ६ तास १० अंशांवर पडून राहिला: ६ गुणिले ४, म्हणजे २४ तास. एक दिवस गेला. मग कुणीतरी तो बर्फाशिवाय ५ अंशांच्या फ्रिजमध्ये दोन दिवस ठेवला: २ गुणिले २.२५, साडेचार दिवस. कॅलेंडरप्रमाणे सव्वादोन दिवस झाले, माशाच्या हिशोबाने साडेपाच. उरले साडेसहा दिवस, आणि चवीचा चांगला काळ जवळजवळ संपला.

१५ अंशांच्या वर हे सूत्र वापरू नका. तिथे वेगळे, जलद वाढणारे जीवाणू ताबा घेतात आणि खरं नुकसान सूत्राच्या उत्तरापेक्षा जास्त निघू शकतं.

किती माशाला किती बर्फ लागतो?

दोन हिशोब वेगळे करा: मासा थंड करायला लागणारा बर्फ आणि तो थंड ठेवायला लागणारा बर्फ.

थंड करण्यासाठी: माशाचं वजन किलोत, गुणिले त्याचं तापमान, भागिले १००. एक किलो बर्फ वितळताना सुमारे ८० किलोकॅलरी उष्णता ओढतो; एक किलो मासा एक अंशाने उतरवायला सुमारे ०.८ किलोकॅलरी काढावी लागते. त्यावरून हा भागाकार. २८ अंशांचा ५० किलो मासा शून्यावर आणायला १४ किलो बर्फ.

थंड ठेवण्यासाठी आपली पेटी किती उष्णता आत घेते ते कळायला हवं, आणि ते पुस्तकात सापडत नाही. पेटी बर्फाने भरा, वजन करा, ज्या जागी ती खरोखर ठेवणार तिथेच २४ तास ठेवा, पाणी काढून टाका आणि पुन्हा वजन करा. समजा १२ किलो घटला. तीन दिवसांचा प्रवास असेल तर ३६ किलो. आधीचे १४ मिळवले की ५०. म्हणजे माशाइतकाच बर्फ. गरम हवेत ‘एकास एक’ म्हणतात ते इथून येतं. चांगल्या इन्सुलेशनच्या पेटीत आणि थंड हवेत हाच आकडा बराच कमी होतो. पातळ भिंतीच्या, उन्हात ठेवलेल्या पेटीत एकास एकही पुरत नाही. आणि चाचणी करायची तर वर्षातल्या सगळ्यात गरम दिवसांत करा.

बर्फ मोजायला बादली चालेल?

बर्फाचा प्रकार बदलला नाही तर चालेल. फ्लेक बर्फ, म्हणजे पातळ पापुद्र्यांचा बर्फ, हलका, फुसफुशीत असतो. एक टन बर्फ सुमारे २.२ घनमीटर जागा व्यापतो. लादी फोडून केलेला चुरा १.४ ते १.५ घनमीटर. म्हणजे त्याच बादलीत फ्लेक बर्फ वजनाने सुमारे एक तृतीयांश कमी भरतो. चुऱ्याची सवय असलेला माणूस फ्लेकवर आला आणि ‘तेवढ्याच बादल्या’ टाकत राहिला, की माल तिसऱ्या दिवशी उघडा पडतो.

लादीचा चुरा चांगला की फ्लेक?

वितळताना किलोमागे दोघंही तितकीच उष्णता घेतात. फ्लेक पातळ, त्यामुळे माशाला सगळीकडून चिकटतो, लवकर थंड करतो आणि कातडीला टोचत नाही. लादी साठवायला आणि लांब न्यायला सोयीची, हळू वितळते, पण ती फोडायला हवी, आणि नीट. मुठीएवढे ढेकूळ माशावर टाकले की त्यांच्यामध्ये हवेच्या पोकळ्या राहतात आणि कडा मांसात रुततात. नासण्याची सुरुवात मग त्या दबलेल्या जागेपासून होते. चुरा हरभऱ्याच्या दाण्याएवढा बारीक करता आला तर उत्तम.

बर्फ रचायची पद्धत काय?

तळाशी ५ सेंटिमीटरचा थर, पेटीच्या भिंतींना बर्फ, मग माशांचा एक थर, मध्ये बर्फ, पुन्हा मासे, आणि सगळ्यात वर तळाइतकाच किंवा जास्त जाड थर. कुठलाही मासा पेटीच्या भिंतीला किंवा दुसऱ्या माशाला सरळ चिकटलेला नको. बाहेरची ऊब भिंतीतूनच आत येते. पोट साफ केलेला मासा पोटाकडची बाजू खाली करून ठेवा, म्हणजे पोकळीत पाणी साचत नाही. तळाला भोकं हवीत आणि पेट्या एकावर एक असतील तर वरच्या पेटीचं घाण पाणी खालच्या माशांवर पडणार नाही अशी सोय हवी.

थरांच्या जाडीत कंजुषी केली की काय होतं, ते एका नियमावरून दिसतं: थंड व्हायला लागणारा वेळ जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. माशांचा थर दुप्पट जाड केला तर चौपट वेळ, तिप्पट केला तर नऊपट. मासे ढिगाने ओतून वरून बर्फ पसरला तर वरची फळी गारठते आणि ढिगाचं पोट तासन्‌तास कोमट राहतं. शिवाय खालचे मासे वजनाने चिरडतात. तपासायचं असेल तर थर्मामीटर वरच्या माशात खुपसू नका. मधल्या, सगळ्यात जाड माशात, पाठीच्या कण्याजवळ खुपसा. थर्मामीटरवर भरवसा ठेवण्याआधी तो चुरा बर्फ आणि थोड्या पाण्याच्या गाळात ढवळून पाहा. शून्य दाखवायला हवं.

बर्फ वितळतोय म्हणजे वाया जातोय ना?

उलट. वितळणारा बर्फच काम करतो. वितळताना तो उष्णता घेतो, आणि वितळलेलं शून्य अंशाचं पाणी माशावरून ओघळताना मासा थंड करतं, ओला ठेवतं आणि वरचा चिकटा व जीवाणू धुऊन नेतं.

म्हणूनच बर्फातला माल ठेवायची कोल्ड रूम शून्याखाली नेऊ नका. ती शून्याच्या थोडी वर, २ अंशांच्या आसपास ठेवा. उणे तापमानात बर्फ कोरडा, घट्ट राहतो, खोली ‘मस्त थंड’ दिसते, पण माशाभोवती पाणी ओघळत नाही. कोमट आलेला मासा मग हवेने थंड होतो, आणि हवा हे काम फार सावकाश करते. वर मासा सुकतो आणि कडेचा माल अर्धवट गोठतो, ते वेगळंच. थरात बर्फाची गुहा झालेली दिसली, म्हणजे माशाभोवतीचा बर्फ वितळून वर कडक कमान तशीच उभी राहिली, की ती मोडून बर्फ पुन्हा माशावर बसवा. दिवसातून एकदा तरी हे पाहा.

बर्फ-पाण्याच्या मिश्रणात बुडवून ठेवलं तर?

लवकर थंड करायला याहून चांगला उपाय नाही, कारण पाणी माशाला सर्व बाजूंनी भिडतं. पाणी फटी भरण्यापुरतं, बर्फ भरपूर आणि मधूनमधून ढवळणं, एवढं हवं. ढवळलं नाही तर कोपऱ्यांत कोमट पट्टे राहतात.

पण हे थंड करण्यासाठी. मुक्काम त्यात नको. साचलेल्या पाण्यात जीवाणू एका माशावरून सगळ्यांवर पसरतात, डोळे पांढुरके होतात, कल्ल्यांचा रंग उतरतो, समुद्राचं पाणी असेल तर मांसात मीठ शिरतं. मासा आतपर्यंत गार झाला की बाहेर काढा आणि निथळणाऱ्या बर्फाच्या थरांत ठेवा.

बर्फात मीठ टाकून आणखी थंड करू का?

नको. मिठाने बर्फाचं तापमान शून्याखाली जातं आणि माशाचं मांस उणे १ ते उणे २ अंशांच्या दरम्यान गोठायला लागतं. तिथे गोठणं सावकाश होतं, मोठे स्फटिक बनतात, पेशी फुटतात आणि नंतर मांस पाणी सोडून कापसासारखं होतं. मासा शून्याच्या जरा खाली ठेवून टिकवण्याचं तंत्र आहे, पण ते अंशाच्या काही भागांपर्यंत नियंत्रण असलेल्या यंत्राने करायचं काम आहे. मूठभर मिठाने नव्हे.

वापरलेला बर्फ धुऊन पुन्हा वापरला तर?

नाही. त्यात आधीच्या माशांचा चिकटा, रक्त आणि नेमके थंडीत तगणारे जीवाणू असतात. नव्या माशाला तयार विरजण लावल्यासारखं होतं. बर्फ पिण्यायोग्य पाण्याचाच हवा, आणि फावडं व पेट्याही धुतलेल्या हव्यात.

घरी फ्रिज असताना बर्फाची काय गरज?

घरचा फ्रिज बहुधा ४ ते ७ अंशांवर असतो, आणि दार उघडलं की आणखी वर. वरच्या सूत्राने ५ अंशांना सव्वादोन पट वेग. उपाय साधा आहे. भोकांची चाळणी एका खोल भांड्यावर ठेवा, त्यात बर्फ, त्यावर मासा, वर पुन्हा बर्फ, आणि हे सगळं फ्रिजच्या तळच्या कप्प्यात. पाणी काढून सकाळ-संध्याकाळ बर्फ भरा. अख्खा मासा थेट बर्फात चालतो. कापलेल्या तुकड्या मात्र पिशवीत बंद करून बर्फात ठेवा, कारण उघड्या मांसातून वितळलेलं पाणी चव आणि रंग धुऊन नेतं.

आतडी काढून ठेवावीत की तसाच ठेवावा?

मोठा मासा असेल तर काढावीत, आणि पूर्ण काढावीत. आतड्यांत पाचक एन्झाइमं आणि जीवाणूंचा साठा असतो. मासा भरपेट खाऊन पकडला गेला असेल तर ही एन्झाइमं पोटाची भिंतच पचवतात, पोट मऊ पडून फुटतं. तारलीत हे नेहमी दिसतं. कल्ले काढा, कण्याच्या खालची काळपट रक्ताची रेघ नखाने किंवा ब्रशने खरवडा, पोकळी गार पाण्याने धुवा आणि लगेच बर्फात.

अर्धवट साफसफाई मात्र न केल्यापेक्षा वाईट. आतडं फुटून त्यातला मळ कापलेल्या मांसावर पसरला, की जीवाणूंना आयतं दार उघडं. लहान मासे हजारांनी असतात, एकेक साफ करणं शक्य नसतं. तिथे लगेच गार करणं आणि लवकर संपवणं हाच मार्ग.

माशाचा तो ठरावीक उग्र वास कुठून येतो?

समुद्री माशांच्या शरीरात ट्रायमिथाइलअमिन ऑक्साइड असतं. ते स्वतः बिनवासाचं. ऑक्सिजन संपत आला की शेवानेलासारखे जीवाणू श्वसनासाठी हेच संयुग वापरतात आणि त्याचं ट्रायमिथाइलअमिन बनतं. तो हा वास. पुढे गंधकयुक्त वायू आणि अमोनियाची भर पडते, तेव्हा सडक्या अंड्याचा किंवा कोबीचा भपकारा येतो.

गोड्या पाण्यातल्या बहुतेक माशांत हे ऑक्साइड फारच थोडं असतं, म्हणून ते नासले तरी तसा वास येत नाही. फळांसारखा आंबूस-गोड किंवा गंधकाचा वास येतो. नाकाला समुद्री माशाची सवय असेल तर इथे फसगत होते. मुशी आणि पाकट यांच्यात युरिया भरपूर असतो. जीवाणू त्यापासून अमोनिया बनवतात आणि डोळ्यांना झोंबणारा वास बऱ्याच लवकर येतो.

डोळे आणि कल्ले पाहून ताजेपणा ओळखता येतो का?

येतो, पण एकाच खुणेवर भरवसा नको. ताज्या माशाचा डोळा फुगीर, बाहुली काळीभोर. मग डोळा सपाट होतो, शेवटी खोल जातो आणि दुधाळ होतो. कल्ले लालभडक, मग तपकिरी, मग राखाडी. चिकटा आधी पारदर्शक, नंतर दुधाळ, मग पिवळट आणि गुठळ्यांचा. बोटाने दाबलेलं मांस लगेच वर यायला हवं.

पण बर्फाच्या ढेकळाला टेकलेला डोळा ताज्या माशातही पांढरा पडतो, आणि पाण्यात बुडालेले कल्ले दोन दिवसांतच फिकट होतात. म्हणून व्यवसायात गुणांची पद्धत वापरतात. १९८० च्या दशकात ऑस्ट्रेलियातल्या टास्मानियात तिची सुरुवात झाली. कातडी, डोळे, कल्ले, पोट अशा प्रत्येक खुणेला ० ते ३ दोषगुण द्यायचे आणि बेरीज करायची. माशाच्या जातीनुसार तक्ता वेगळा असतो आणि बेरीज बर्फातल्या दिवसांबरोबर जवळपास सरळ रेषेत वाढते. एखादी खूण फसवी निघाली तरी बेरीज फार हलत नाही.

कल्ल्यांचा वास घ्या. डोळ्यांपेक्षा तो जास्त खरं बोलतो.

प्रयोगशाळेतली ‘टीव्हीबी’ चाचणी काय सांगते?

अमोनिया, ट्रायमिथाइलअमिन वगैरे उडून जाणाऱ्या अल्कधर्मी पदार्थांतलं एकूण नायट्रोजन. कॉडच्या कुळासाठी युरोपीय संघाची मर्यादा दर १०० ग्रॅमला ३५ मिलिग्रॅम आहे. ही चाचणी नासलेला माल पकडते. पहिल्या आठवड्यात आकडा फारसा हलत नाही, त्यामुळे ‘टीव्हीबी कमी, म्हणजे ताजा’ असं कुणी म्हणालं तर मान डोलावू नका.

बर्फातली कोळंबी काळी पडते. नासली का?

तेवढ्यावरून नाही. पॉलिफिनॉल ऑक्सिडेझ नावाचं तिचंच एन्झाइम हवेतल्या ऑक्सिजनच्या मदतीने काळं रंगद्रव्य बनवतं. कापलेलं सफरचंद तपकिरी होतं तीच जात. सुरुवात डोकं आणि सांध्यांजवळून होते. बर्फाने वेग कमी होतो, पण क्रिया थांबत नाही; बर्फातून डोकं वर काढून बसलेली कोळंबी आधी काळी पडते, कारण तिथे हवा लागते. डोकी लगेच काढून, धुऊन, पूर्ण बर्फाखाली ठेवली तर बराच फरक पडतो. डोक्यातल्या पाचक ग्रंथीमुळे मानेजवळचं मांस भुसभुशीत होतं, तेही त्याने टळतं.

व्यवसायात सोडियम मेटाबायसल्फाइटच्या सव्वा टक्का द्रावणात मिनिटभर बुडवतात. कोडेक्सच्या (आंतरराष्ट्रीय अन्नमानकं ठरवणाऱ्या संस्थेच्या) मानकानुसार कच्च्या कोळंबीच्या खाण्याच्या भागात सल्फर डायऑक्साइड किलोला १०० मिलिग्रॅमच्या आत हवा. पावडर डोळ्यांच्या अंदाजाने बर्फावर भुरभुरणं हा प्रकार बंद करा. काही दम्याच्या रुग्णांना सल्फाइटचा त्रास होतो, आणि बंद जागेत त्याचा वायू काम करणाऱ्याचाच जीव गुदमरवतो.

वास नाही, चवही बरी, तरी खाल्ल्यावर चेहरा लाल होऊन अंगाला खाज सुटली. असं का?

हिस्टामिन. कुपा, बांगडा, तारली यांच्या गडद मांसात हिस्टिडिन हे अमिनो आम्ल भरपूर असतं. मासा उबेत राहिला की मॉर्गानेलासारखे जीवाणू त्याचं हिस्टामिन बनवतात. खाल्ल्यावर काही मिनिटांपासून काही तासांत चेहरा तापणं, डोकेदुखी, पुरळ, धडधड असा त्रास होतो. तो ॲलर्जीसारखा दिसतो, पण माशाची ॲलर्जी नसलेल्यालाही होतो. श्वास लागला किंवा चक्कर आली तर वाट न पाहता डॉक्टरकडे जा.

हिस्टामिन शिजवून जात नाही, गोठवून जात नाही, डबाबंद करूनही जात नाही. आणखी वाईट म्हणजे ते बनवणारं एन्झाइम एकदा तयार झालं की जीवाणू मेल्यावरही काम करत राहू शकतं. त्यामुळे उबेत गेलेल्या सकाळची भरपाई संध्याकाळच्या बर्फाने होत नाही. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाच्या मार्गदर्शनानुसार हे मासे मेल्यापासून ९ तासांच्या आत बर्फात जायला हवेत, आणि हवा किंवा पाणी २८.३ अंशांहून गरम असेल तर ६ तासांच्या आत. कोडेक्सची सुरक्षिततेची मर्यादा किलोला २०० मिलिग्रॅम आहे. हिस्टामिन माशात सारखं पसरलेलं नसतं. एका तुकडीत भरपूर आणि शेजारच्या तुकडीत नगण्य असू शकतं. एकाच पानावर बसलेल्या दोघांपैकी एकालाच त्रास झाला, तर त्याचं एक कारण हे.

व्हॅक्यूम पॅक केलं की बर्फ नको?

हवाच. उलट जास्त काटेकोरपणे हवा. ऑक्सिजन काढल्यावर खवटपणा थांबतो, पण ट्रायमिथाइलअमिन ऑक्साइडवर श्वसन करणाऱ्या जीवाणूंचं काही अडत नाही. त्यामुळे समुद्री माशाची मुदत जेमतेमच वाढते. आणि बिनहवेच्या पिशवीत क्लॉस्ट्रिडियम बॉट्युलिनमचा एक प्रकार सुमारे ३ अंशांपासून वाढू शकतो, तेही दुर्गंधी येण्याआधी विष तयार करत. शून्याजवळच्या बर्फात तो वाढत नाही. ५ अंशांच्या फ्रिजमध्ये आठवडाभर पडलेली पिशवी मात्र धोक्याची.

धुतल्यावर, लिंबू लावल्यावर वास गेला. मग ठीक ना?

ट्रायमिथाइलअमिन अल्कधर्मी आहे. आम्लाशी त्याचं क्षार बनतं आणि ते उडून नाकापर्यंत येत नाही. वास गेला तो असा. जीवाणू, मोडलेलं मांस आणि असलंच तर हिस्टामिन होतं तिथेच आहे. ताज्या माशाला लिंबू चवीसाठी लावा, खुशाल.

चार-पाच दिवस बर्फात ठेवला, आता विकला जाणार नाही असं दिसतंय. गोठवून टाकू का?

गोठवता येईल, पण गोठवल्याने मासा ज्या पायरीवर आहे तिथेच थांबतो, वर चढत नाही. आठवडाभर बर्फात राहिलेला मासा गोठवला तर वितळल्यावर तो आठवडाभर जुनाच असतो, वर पाणी जास्त सोडतो आणि गोठवलेल्या अवस्थेतली त्याची मुदतही ताज्या गोठवलेल्या माशापेक्षा कमी भरते. उरेल असं वाटत असेल तर निर्णय पहिल्या-दुसऱ्या दिवशी घ्या, आणि पाकिटावर गोठवल्याच्या तारखेबरोबर पकडल्याची तारीखही लिहा.